वाचकांचे प्रश्न : उंचावरची माती आणि प्रतिजैविके

गेल्या अंकात, स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयरोगावरचे पहिले परिणामकारक प्रतिजैविक मातीतल्या जीवाणूपासून मिळाले, असे सांगताना मी ओघात एक वाक्य जोडले होते : अशाच नव्या जीवाणूंच्या शोधात संशोधक आजही हिमालयासारख्या उंच पर्वतांवरची माती तपासत असतात. मूळ उत्तरापेक्षा या एका वाक्यावरच अधिक पत्रे आली. त्यांतील काही निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. जागेअभावी पत्रांतील मजकूर संक्षिप्त केला आहे आणि पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे वगळली आहेत.

प्रश्न : माझी नात अकरावीत शिकते. तिने पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावरून डबीत माती आणली असून ‘यातून औषध देणारे जीवाणू शोधायचे’ असा हट्ट धरला आहे. संशोधक तर माती आणायला लडाख-स्पितीला जातात. मग आपले डोंगर त्या हिशेबात बसतात का? आणि उंचावरच्या मातीत असे वेगळे असते तरी काय?
— एक निवृत्त विज्ञान शिक्षक, कोडोली

उत्तर : सर, निव्वळ उंचीच्या हिशेबाने बोलायचे तर आपले डोंगर त्यात बसत नाहीत. कोल्हापूर शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, पन्हाळा हजार मीटरच्या आतच राहतो आणि महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही १,६४६ मीटरवर थांबते. याउलट लेह हे शहरच साडेतीन हजार मीटरवर वसलेले आहे आणि स्पितीतले किब्बर गाव चार हजार मीटरच्याही वर आहे. या विषयात काम करणारे लोक ‘उंच पर्वतीय माती’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा झाडांची रेषा जिथे संपते त्याच्या आसपासची किंवा त्याहून वरची जमीन असते.

त्या जमिनीची परिस्थिती आपल्याकडच्या शेतमातीहून पुष्कळच वेगळी असते. ती दिवसा तापते, रात्री गोठते आणि वर्षातले कित्येक महिने बर्फाखाली असते. दर हजार मीटर वर चढावे तशी सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांची तीव्रता सुमारे दहा टक्क्यांनी वाढत जाते. झाडोरा विरळ असल्यामुळे पालापाचोळा कमी पडतो, आणि जो पडतो तोही थंडीमुळे सावकाश कुजतो, म्हणून अन्नाची कायमची चणचण असते. पाणी असते, पण ते गोठलेले असल्यामुळे जीवाणूंच्या उपयोगाचे नसते. अशा ठिकाणी तग धरणाऱ्या जीवाणूंची घडणही तशीच होत गेलेली असते. थंडीत पेशीचे आवरण तुपासारखे थिजू नये म्हणून त्यातील स्निग्ध पदार्थांची ठेवण निराळी असते, अनेकांच्या अंगी पिवळी, केशरी किंवा गुलाबी रंगद्रव्ये असतात, आणि वाढ इतकी संथ असते की आपल्याकडे रात्रभरात होणाऱ्या कामाला तिथे आठवडे लागतात.

आता यातून प्रतिजैविकापर्यंत कसे यायचे? त्याचे एक सोपे समीकरण पुष्कळदा वाचायला मिळते : अन्न कमी, म्हणून झगडा मोठा, म्हणून शस्त्रे अधिक धारदार. मला ते फारसे पटत नाही. झगडायलाही शेजारी लागतो, आणि गोठलेल्या मातीतले जीवाणू बराच काळ एकमेकांपासून दूर, निपचित पडून असतात. उंचावर जाण्याचे खरे कारण याहून साधे आहे. तिथे आजवर कोणी न पाहिलेल्या जाती भेटण्याची शक्यता अधिक असते आणि नव्या जातीच्या पोटात नवे रसायन असण्याची शक्यता थोडी अधिक असते. चंडीगडच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी हिमाचलच्या थंड वाळवंटातील मातीतून वर्णन केलेल्या जीवाणूंपैकी एकाचे नाव ‘ऑर्निथिनिमायक्रोबियम किब्बरेन्स’ आहे, तर दुसऱ्याचे ‘अ‍ॅग्रोकॉकस लाहौलेन्सिस’. किब्बर आणि लाहौल ही गावा-प्रदेशांची नावे अशी कायमची जीवशास्त्रात जाऊन बसली आहेत. मात्र नवी जात सापडणे आणि नवे औषध सापडणे यांत फार मोठे अंतर असते, हे नातीला आत्ताच सांगून ठेवावे.

पर्वतावरच्या मातीतून प्रत्यक्ष औषध मिळाल्याचे उदाहरण हवे असेल तर ते डॅप्टोमायसिनचे आहे. तुर्कस्तानातील अरारात पर्वतावरून आणलेल्या मातीत स्ट्रेप्टोमायसिस रोझिओस्पोरस हा जीवाणू मिळाला, त्यापासून हे औषध आले आणि २००३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. इतर औषधांना न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस या जंतूच्या गंभीर संसर्गावर आज ते वापरतात. परंतु हे एक उदाहरण हाती धरून ‘बघा, पर्वतातच औषध असते’ असे म्हणू लागलो, तर बाकीची यादी आपल्याला खोटे पाडते. खुद्द स्ट्रेप्टोमायसिन देणारा जीवाणू १९४३ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी येथे भरपूर शेणखत घातलेल्या शेतात मिळाला, आणि त्याचाच एक भाऊबंद एका कोंबडीच्या घशात सापडला. ऑरिओमायसिनचा जीवाणू मिसुरी विद्यापीठाच्या प्रयोगशेतातला होता. ज्या कंपनीत ते औषध तयार झाले तिथल्या संशोधनाची सूत्रे आंध्रातून गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. रिफामायसिन फ्रान्सच्या किनाऱ्याजवळच्या पाइनच्या जंगलातून आले, एरिथ्रोमायसिन फिलिपाइन्समधून आणि व्हॅन्कोमायसिन बोर्निओतून. जंतांवरच्या आयव्हरमेक्टिनचे मूळ जपानमधील एका गोल्फ मैदानाजवळच्या मातीत आहे. आपल्याकडचे उदाहरण तर पुणे जिल्ह्यातले आहे : पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार यांनी शोधलेले हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध ज्या जीवाणूपासून मिळाले, त्याचे नावच ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ असे आहे, आणि पिंपरीला कोणी पर्वत म्हणणार नाही.

म्हणून मसाई पठारावरची डबी टाकून देऊ नका. आपल्या जांभ्याच्या सड्यांवर उंची नसली तरी हाल पुरेसे आहेत. मातीचा थर वीतभरही नसतो, ती आम्ल आणि निकस असते, एप्रिल-मेमध्ये कातळ तव्यासारखा तापतो आणि जून उजाडला की तीच जागा चार महिने पाण्याखाली असल्यासारखी भिजत राहते. एकाच वर्षात भाजणे आणि बुडणे हे दोन्ही सोसणारे जीवाणू अभ्यासण्याजोगे आहेत, आणि त्यासाठी रोहतांग ओलांडावे लागत नाही.

प्रश्न : मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करते. स्पितीच्या भ्रमंतीत चार ठिकाणची माती आणली होती. पुस्तकात दिल्याप्रमाणे ती आठवडाभर वाळवली, तासभर साठ अंशांवर तापवली, पातळ करून प्लेटवर पसरली आणि २८ अंशांवर ठेवली. तिसऱ्या दिवशी सगळ्या प्लेट बुरशीने भरल्या. जीवाणूच्या दोनचार वसाहती दिसल्या, त्याही आमच्या विभागामागच्या बागेतल्या मातीत येतात तशाच. माझे काय चुकले?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : चूक तुमची नाही, पाककृतीची आहे. मैदानी मातीतून स्ट्रेप्टोमायसिस आणि त्याची भावंडे, म्हणजे अ‍ॅक्टिनोमायसीट्स, वेगळी काढण्यासाठी ती तयार झाली आहे. वाळवणे आणि तापवणे यांमागचा विचार असा की, इतर जीवाणूंच्या नाजूक पेशी मरतात आणि अ‍ॅक्टिनोमायसीट्सचे चिवट बीजाणू मागे राहतात. कोल्हापूरच्या मातीला ही युक्ती चांगली लागू पडते. पण ज्यांच्यासाठी तुम्ही एवढ्या दूर गेलात ते थंडीचे जीवाणू साठ अंशांवर तासभर ठेवल्यावर राहतील कसे? जे उरले ते वाऱ्याबरोबर, पक्ष्यांबरोबर किंवा तुमच्याच बुटांच्या तळव्यांबरोबर तिथे पोहोचलेले सर्वत्र आढळणारे बीजाणू असणार. त्यामुळे बागेतल्यासारख्या वसाहती दिसल्या यात नवल नाही.

माती थोडी जरी शिल्लक असेल आणि ती चार अंशांच्या आसपास ठेवलेली असेल, तर पुन्हा सुरुवात करा आणि या वेळी प्रत्येक नमुन्याचे दोन संच लावा. एक संच नेहमीसारखा २८ अंशांवर ठेवा. दुसरा न तापवता, न वाळवता, दहा ते पंधरा अंशांवर ठेवा; असा इनक्युबेटर विभागात नसेल तर प्रयोगशाळेच्या फ्रिजचा सर्वांत कमी थंड कप्पा चालेल, मात्र घरचा किंवा जेवणाचे डबे ठेवण्याचा फ्रिज कदापि वापरू नये. माध्यम, म्हणजे प्लेटमध्ये ओतलेले जीवाणूंचे थिजलेले अन्न, स्टार्च केसीन अगार असो वा दुसरे कोणते, त्यातील पोषके निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आणून पाहा, कारण उपासमारीची सवय असलेल्या जीवाणूला मेजवानी मानवत नाही, आणि सकस माध्यमावर झपाट्याने वाढणारेच सगळी जागा बळकावतात. बुरशी रोखण्यासाठी माध्यमात निस्टॅटिन हे बुरशीविरोधी औषध घाला. (हे निस्टॅटिनही मातीतलेच आहे. एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोघींनी व्हर्जिनियातील एका शेताच्या मातीत मिळालेल्या स्ट्रेप्टोमायसिसपासून ते शोधले आणि न्यूयॉर्क स्टेटवरून त्याला नाव दिले. मातीतला जीवाणू शोधायला मातीतल्याच दुसऱ्या जीवाणूची मदत घ्यायची, हा या कामातला मला नेहमीच आवडत आलेला भाग आहे.) सायक्लोहेक्झिमाइडही चालते, पण ते माणसालाही विषारी असल्यामुळे मार्गदर्शक समोर असल्याशिवाय हाताळू नका.

यानंतर लागतो तो धीर. थंड संचाच्या प्लेट तिसऱ्या दिवशी काय, तिसऱ्या आठवड्यातही कोऱ्या दिसू शकतात. अगारचा थर नेहमीपेक्षा जाड ओता आणि प्लेटच्या कडा पट्टीने बंद करा, म्हणजे महिनाभर ते सुकणार नाही. दर आठवड्याला प्लेट उजेडासमोर तिरकी धरून पाहा. अ‍ॅक्टिनोमायसीट्सच्या वसाहती ओळखायला अवघड नसतात : खडूची पूड भुरभुरल्यासारखा कोरडा पृष्ठभाग, खाली चामड्यासारखा चिवटपणा आणि अगारमध्ये रुतून बसलेले मूळ, इतके की तारेच्या कडीने वसाहत सहज निघतच नाही. पण थंड मातीत केवळ त्यांच्याच मागे लागू नका. बॅसिलस आणि स्यूडोमोनास हे जीवाणूही प्रतिजैविके बनवतात. १९३९ मध्ये रने द्युबो यांनी मातीतल्या बॅसिलसपासूनच टायरोथ्रिसिन हे प्रतिजैविक मिळवले होते, म्हणजे स्ट्रेप्टोमायसिनच्याही आधी.

चाचणीबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण पुढचे पत्र त्याबद्दलच येईल, म्हणून लिहितो. एका बाजूला तुमचा जीवाणू रेघेसारखा वाढवायचा आणि तो वाढल्यावर त्याला काटकोनात चाचणीचे जीवाणू ओढायचे, ही पद्धत साधी आणि उत्तम आहे. फक्त तुमचा जीवाणू पंधरा अंशांवर वाढणारा आणि चाचणीचा ई. कोलाय सदतीस अंशांवर रमणारा असेल, तर प्लेट आधी थंडीत आणि नंतर उबेत अशी दोन टप्प्यांत ठेवावी लागते. शेजारची वाढ थांबून स्वच्छ पट्टा दिसला की आनंद होतोच. त्या आनंदात आधी माध्यमाचा सामू तपासा. पुष्कळदा तो पट्टा प्रतिजैविकाचा नसून साध्या आम्लाचा असतो. कधी तुमच्या जीवाणूने परिसरातले लोह स्वतःकडे ओढून घेतलेले असते आणि शेजारी केवळ लोहाअभावी खुंटलेला असतो. चाचणीसाठी महाविद्यालयात वापरतात ते निरुपद्रवी प्रकारच घ्यावेत, आणि मातीतून आलेला अनोळखी जीवाणू निरुपद्रवी आहे असे मात्र कधीही गृहीत धरू नये. नोकार्डियासारखे काही मातीतले जीवाणू माणसाच्या फुप्फुसात संसर्ग करतात.

आणखी एक गोष्ट. तुमच्या पत्रात चार ठिकाणांची नुसती नावे आहेत. उंची, खोली, मातीचे तापमान, सामू, जवळची झुडपे यांपैकी काहीही नाही. वरचा पालापाचोळा बाजूला करून पाच ते पंधरा सेंटीमीटर खोलीवरची माती, निर्जंतुक चमच्याने, एकाच जागी पाचसहा ठिकाणांहून घ्यायची आणि हे सगळे तिथल्या तिथे लिहायचे. मी विद्यार्थी असताना गगनबावड्याच्या घाटात भर पावसात बारा पाकिटे भरली आणि त्यांवर मोठ्या ऐटीत शाईच्या पेनाने नावे लिहिली. कोल्हापूरला पोहोचेपर्यंत शाई धुऊन गेली होती. त्यांतल्या एका मातीत बॅसिलस सबटिलिसला अगदी ठळकपणे रोखणारा एक करडा स्ट्रेप्टोमायसिस निघाला आणि तो कोणत्या जागेचा होता, हे मला आजतागायत सांगता आलेले नाही. तेव्हापासून मी पेन्सिल वापरतो आणि एक चिठ्ठी पाकिटाच्या आत वेगळ्या पिशवीत ठेवतो.

प्रश्न : जीवाणूला आमच्या आजारांशी काय देणेघेणे? तो हे औषध बनवतो तरी कशासाठी? आणि वळवाचा पाऊस पडल्यावर उसाच्या रानात जो वास सुटतो, तो याच जीवाणूंचा असतो हे खरे का?
— एक शेतकरी, शिरोळ

उत्तर : वासाचे खरे आहे. त्या वासाला कारणीभूत असलेल्या मुख्य द्रव्याचे नाव जिओस्मिन असून ते मातीत मोठ्या प्रमाणावर स्ट्रेप्टोमायसिस बनवतात. माणसाचे नाक या द्रव्याच्या बाबतीत इतके तीक्ष्ण आहे की, त्याचा नगण्य अंशही आपल्याला कळतो. मातीतल्या स्प्रिंगटेल नावाच्या बारीक उडक्या जीवांनाही तो कळतो. ते वासाच्या मागाने येतात, जीवाणू खातात आणि त्याचे बीजाणू अंगाला चिकटवून दुसरीकडे नेतात, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले आहे. तुमच्या रानात वास चांगला सुटत असेल तर मातीत हे जीवाणू भरपूर आहेत, एवढे त्यावरून समजावे.

तुमचा पहिला प्रश्न मात्र अधिक अवघड आहे. स्ट्रेप्टोमायसिसचे जगणे काहीसे बुरशीसारखे असते : तो धाग्यांनी पसरतो, आणि अन्न संपत आले की जुने धागे मोडून त्यांच्या जिवावर बीजाणू तयार करतो. म्हणजे अगदी मोडतोडीच्या वेळी त्याच्याभोवती आयते अन्न सांडलेले असते आणि त्यावर टपलेले शेजारीही असतात. बहुतेक प्रतिजैविके नेमकी याच सुमारास बनतात. तेव्हा ती त्याची राखण असावी, हे एक स्पष्टीकरण झाले. गंजीला काटेरी कुंपण घालावे, तसे. परंतु मातीत या द्रव्यांचे प्रमाण पुष्कळदा कोणाला मारण्याइतके नसते, म्हणून काही अभ्यासकांना ती शस्त्रे नसून शेजाऱ्यांना दिलेले निरोप वाटतात. माझ्या मते दोन्ही खरे असू शकते. दिवाळीतला फटाका आणि इशाऱ्याचा बार यांत दारू एकच असते. आपल्या आजाराशी त्याला काहीही देणेघेणे नाही, हे मात्र तुम्ही बरोबर ओळखलेत. आपल्या शरीरातले काही जंतू त्याच्या शेजाऱ्यांसारखे निघाले, एवढाच आपला लाभ.

प्रश्न : आमच्या तालमीत वस्ताद सांगतात की, हौद्यातल्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू असते आणि मातीचे स्वतःचेही औषध असते, म्हणून खरचटले की तीच माती लावावी. तुमचा लेख वाचल्यावर त्यांना आणखी जोर चढला आहे.
— एक मल्ल, कोल्हापूर

उत्तर : वस्तादांना माझा नमस्कार सांगा आणि माती जखमेला लावू नका. मातीतल्या जीवाणूने बनवलेले प्रतिजैविक अत्यल्प असते. त्याचे औषध होण्यासाठी ते हजारो लिटरच्या टाक्यांत वाढवून, वेगळे काढून, शुद्ध करावे लागते. उलट धनुर्वाताचे बीजाणू मातीत जसेच्या तसे हजर असतात आणि त्यांना हळद-ताकाने काही होत नाही. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी, जखम भरेपर्यंत हौद्यात उतरू नये आणि धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली असावी. पैलवानांच्या अंगावर गजकर्णाचे चट्टेही याच अंगाला अंग घासण्यातून पसरतात, म्हणून चट्टा दिसला की जोड थांबवून डॉक्टरांना दाखवावा.

प्रश्न : ऐंशी वर्षे जगभरची माती चाळून झाली, तरी नवी प्रतिजैविके येत नाहीत, असे आपणच एकदा लिहिले होते. मग आता पर्वतावरची माती चाळून काय मिळणार? आणि एवढे संशोधक आहेत, तर अडते कोठे?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : अडते ते मुख्यतः पुन्हा तेच ते सापडण्यात. या क्षेत्रात वारंवार दिला जाणारा एक अंदाज असा आहे की, मातीतले शंभर अ‍ॅक्टिनोमायसीट्स तपासले तर साधारण दहा स्ट्रेप्टोथ्रिसिन हे जुने प्रतिजैविक बनवणारे निघतात आणि एक स्ट्रेप्टोमायसिन बनवणारा निघतो. त्याच हिशेबाने डॅप्टोमायसिन बनवणारा सापडायला सुमारे पन्नास लाख तपासावे लागतील. सोपे ते सगळे १९४० ते १९६० या काळातच हाती लागले. त्यानंतर ज्याने त्याने प्लेटवर स्वच्छ वलय पाहिले, महिनोन्महिने शुद्धीकरण केले आणि शेवटी जुनाच ओळखीचा रेणू हाती आला. आमच्या पिढीतल्या कित्येक प्रबंधांची कहाणी हीच आहे, आणि ते प्रबंध लिहिणाऱ्यांना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही, कारण त्यांतला एक माझा आहे. आता वस्तुमान वर्णपट (रेणूचे वजन मोजून त्याची ओळख पटवण्याची पद्धत) आणि ज्ञात रेणूंच्या संग्रहांच्या साहाय्याने जुनी ओळख सुरुवातीलाच पटवता येते. तसे न करता केलेले काम मला आज वेळेचा अपव्यय वाटते.

दुसरी अडचण अशी की, मातीतले जीवाणू सूक्ष्मदर्शकाखाली जितके दिसतात त्यांतला जेमतेम एक टक्का आपल्या प्लेटवर वाढतो. उरलेल्या नव्याण्णवांना आपण जेवण काय वाढावे, हेच आपल्याला कळलेले नसते. यावर अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या किम लुइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा मार्ग काढला. त्यांनी सूक्ष्म छिद्रे असलेल्या एका छोट्या पट्टीत एकेक जीवाणू बंद केला आणि ती पट्टी पुन्हा मातीतच पुरली, म्हणजे पडद्यातून पोषके आत येतात आणि जीवाणूला आपण घरीच आहोत असे वाटते. मेन राज्यातल्या एका गवताळ मैदानाच्या मातीतून या रीतीने टेक्सोबॅक्टिन हे नवे प्रतिजैविक मिळाले आणि २०१५ मध्ये ते जाहीर झाले. मैदानाच्याच मातीतून, याकडे लक्ष द्यावे. जागा साधी होती, पद्धत नवी होती. तेही अजून रुग्णांपर्यंत पोहोचलेले नाही.

तिसरे म्हणजे, आपल्या ओळखीच्या जीवाणूंच्याही पोटात बरेच काही दडलेले आहे. स्ट्रेप्टोमायसिस सिलिकलरचा संपूर्ण जनुकसंच २००२ मध्ये वाचला गेला, तेव्हा त्यात अशी द्रव्ये बनवणारे वीसहून अधिक जनुकसमूह आढळले. त्याआधी त्यांतली मोजकीच द्रव्ये माहीत होती. बाकीचे समूह प्रयोगशाळेत गप्प बसून असतात. त्यांना बोलते करण्यासाठी तापमान बदलणे, अन्न तोडणे, शेजारी दुसरा जीवाणू सोडणे असे उपाय करतात. पर्वतावरच्या मातीकडून मला आशा आहे ती या ठिकाणी. तिथला जीवाणू जे रसायन दहा अंशांवर बनवतो ते २८ अंशांवर बनवेलच असे नाही, आणि आजवरची बहुतेक चाळणी २८ अंशांवर झालेली आहे.

पैशाची अडचण आहेच. रक्तदाबाची गोळी रुग्ण आयुष्यभर घेतो आणि प्रतिजैविक आठवडाभर; शिवाय नवे प्रतिजैविक डॉक्टरांनी राखून ठेवावे, शक्यतो वापरूच नये, अशी अपेक्षा असते. अशा मालात गुंतवणूक करायला कंपन्या तयार होत नाहीत, आणि बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी हे काम बंदही केले आहे.

प्रश्न : जिथे औषधे पोहोचलेली नाहीत अशा निर्मळ पर्वतांवरच्या जीवाणूंना प्रतिरोध, म्हणजे औषधाला दाद न देणे, माहीत नसणार. मग तिथून आणलेले प्रतिजैविक कायम टिकेल का?
— एक औषध विक्रेते, गडहिंग्लज

उत्तर : दुर्दैवाने नाही. कॅनडाच्या युकॉन प्रदेशातील तीस हजार वर्षे गोठून राहिलेल्या मातीत टेट्रासायक्लिन, पेनिसिलिनच्या कुळातील औषधे आणि व्हॅन्कोमायसिन यांना दाद न देणारी जनुके सापडली, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. तेव्हा औषधाचे दुकान कुठले! कारण उघड आहे : जो जीवाणू प्रतिजैविक बनवतो त्याला आधी स्वतःला वाचवावे लागते, आणि त्याच्याशेजारी हजारो वर्षे राहणाऱ्यांनाही. प्रतिरोध हा प्रतिजैविकाचा जुळा भाऊ आहे. आपण एवढेच केले की, जो जमिनीत पांगलेला होता त्याला रुग्णालयात आणि कोंबड्यांच्या खुराड्यांत भरपूर खायला घातले. चिठ्ठीशिवाय अ‍ॅझिथ्रोमायसिन मागणारा माणूस आपल्या दुकानाच्या पायरीवर येतो तेव्हा आपण काय करता, याबद्दल पत्रात काही नाही. ते कळवलेत तर पुढच्या अंकात छापीन.

प्रश्न : आमचा गिर्यारोहणाचा गट दरवर्षी हिमालयात जातो. आम्ही माती आणून दिली तर चालेल का? त्यातून काही निघाले तर त्याचे हक्क कोणाचे?
— एका गिरिभ्रमण गटाचे सदस्य, कोल्हापूर

उत्तर : ज्या प्रयोगशाळेला माती हवी आहे तिने आधी मागणी केली असेल, पाकिटे दिली असतील आणि तुम्ही ती थंड पेटीतून आणणार असाल, तर जरूर आणा. हौसेने आणून चार महिने माळ्यावर ठेवलेल्या मातीचा उपयोग कुंडीलाच होतो. राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये यांतून, मग ते हिमालयात असो वा आपले राधानगरी, वनखात्याच्या परवानगीशिवाय चिमूटभरही माती उचलू नये. जैवविविधता कायदा २००२ सालचा असून २०२३ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आहे. त्यानुसार भारतीय नागरिकाला निव्वळ अभ्यासासाठी फारशी आडकाठी नाही, पण माती किंवा त्यातला जीवाणू संशोधनासाठी परदेशी संस्थेच्या हाती द्यायचा असेल, अथवा त्यावर पेटंट मागायचे असेल, तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे जावे लागते. निसर्गात सापडलेला जीवाणू जसाच्या तसा आपल्या देशात कोणाच्याही नावे पेटंट होत नाही. तो वेगळा काढल्यावर पुण्याच्या किंवा चंडीगडच्या जीवाणू-संग्रहात जमा करावा, म्हणजे दहा वर्षांनी कोणाला तो पुन्हा तपासावासा वाटला तर तो जिवंत मिळतो. बर्फाच्या रेषेजवळची माती आणणार असाल तर बुटांचे तळवे आधी घासून धुवा, नाहीतर पन्हाळ्याचेच स्ट्रेप्टोमायसिस स्पितीहून परत येतील.